काम नसल्यास

परीक्षांचा मोसम जवळ आला की आमच्या सोसायटीत कुकरच्या शिट्ट्यांची वेळ बदलते. एरवी सकाळी आठच्या सुमाराला या मजल्यापासून त्या मजल्यापर्यंत शिट्ट्यांची नुसती चढाओढ असते. फेब्रुवारी सरत आला की काही घरांतला कुकर पहाटेच उरकतो, मूल अभ्यासाला बसायच्या आत. गॅलरीत चहा पीत उभं राहिलं की मला न विचारता कळतं, यंदा खाली दहावी आहे आणि वर बारावी आहे.

वारज्याला या दिवसांत सकाळी अजून गारवा असतो. दुपारी मात्र ऊन असं चढतं की स्कूटरच्या सीटवर बसवत नाही. फाटकाशी असलेल्या पिंपळाची जुनी पानं गळून जातात आणि त्याच आठवड्यात कोवळी तांबूस पालवी फुटते. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कोपऱ्यावरच्या गाडीवर तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी येतात. शाळेच्या फाटकाबाहेर आईबाप पाण्याच्या बाटल्या धरून सावली शोधत उभे असतात, जणू पेपर त्यांचाच आहे आणि आत जायला तेवढं कुणी बोलावलेलं नाही. मी ऑफिसला जाताना त्यांच्याकडे बघते. आता माझ्या घरात कुणाचीच परीक्षा नाही. आणि हा मोसम आला की मला एकटं एकटं वाटतं.

गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधली वृषाली आली. तिचा ईशान यंदा दहावीला. दार उघडल्याबरोबर ती कुजबुजायलाच लागली. दहावीच्या आईची ही सवय माझ्या ओळखीची आहे. स्वतःच्या घरात हळू बोलून बोलून बाई दुसऱ्याच्या घरातही हळूच बोलते.

"वंदनाताई, ती पाटी आहे का हो तुमच्याकडे अजून? सांचीच्या वेळची?"

"कशाला?"

"अहो, आमच्याकडे येणारी माणसं थांबतच नाहीत. काल ह्यांची आत्या आली पेन घेऊन, बेस्ट लक द्यायला. पेन दिलं आणि संध्याकाळपर्यंत बसली. आता तोंडावर कसं सांगायचं? तुमच्या पाटीचं कसं, कुणाला राग येत नाही."

राग येत नाही हे खोटं आहे, माझ्या नणंदेला विचारा. पण मी 'बघते' म्हटलं. वास्तविक बघण्यासारखं काही नव्हतं. पाटी कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी मुलगी सांची आता वाघोलीला कॉलेजच्या हॉस्टेलवर असते आणि तिच्या रिकाम्या खोलीच्या दारावर ती पाटी अजून टांगलेली आहे. मी रोज तिच्यासमोरून जाते.

ती पाटी मीच लिहिली होती. माझं अक्षर चांगलं आहे. ऑफिसातल्या सगळ्या सूचना माझ्याकडूनच लिहून घेतात. एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसून माझी इतकी वर्षं गेली. माणसं एका प्रश्नासाठी येतात आणि अख्खा जन्म सांगायला लागतात. मग मी मान वर न करता म्हणते, थोडक्यात बोला. हे इतक्या वेळा म्हणावं लागायला लागलं की शेवटी खिडकीवर लिहूनच टाकलं. सांचीच्या दहावीला तोच हात मी घरीही चालवला. जाड पांढरा पुठ्ठा घेतला, काळ्या स्केचपेनने लिहिलं आणि बाहेरच्या दाराला अडकवला.

'घरात दहावी आहे. बेल वाजवू नये. काम असल्यास फोन करावा. काम नसल्यास तोही करू नये.'

सोसायटीतल्या लोकांनी फोटो काढले. कुरिअरवाला वाचून हसला आणि पाकीट दाराखालून सरकवून गेला. मला केवढी ऐट वाटली होती. पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले, तेव्हा एखादी तरी पाटी आपल्या नावावर असावी असं वाटायचंच.

शांततेचं हे वेड मला लागलं ते बिबवेवाडीला. तिथल्या एका वस्तीत, एका खोलीत माझं लहानपण गेलं. आई, दादा म्हणजे आमचे वडील, आम्ही तिघं भावंडं आणि गावाकडून कामधंद्यासाठी आलेलं कुणी ना कुणी. खोलीत माणूस आला की बसलेले सगळे पाय जवळ घ्यायचे. या, बसा असं वेगळं म्हणायची पद्धतच नव्हती. पाय जवळ घेतले की जागा व्हायची, जागा झाली की आलेला माणूस टेकायचा आणि टेकला की बोलायला लागायचा. माझ्या दहावीचा सगळा अभ्यास या बोलण्याच्या मधोमध झाला. मी इतिहास वाचत असायची, आई शेजारी मेथी निवडत असायची आणि मध्येच विचारायची, "काय वाचतीस?" मी वैतागून सांगायची, अमका राजा, तमका तह. आई एखादी जुडी संपवून विचारायची, "मग त्याला लेकरं किती?"

पुस्तकात लेकरांचं काही लिहिलेलं नसायचं. आईला ते पटायचं नाही. "राजा हाय आन् लेकरांचं कायबी लिव्हलं न्हाई? कसलं पुस्तक म्हनायचं हे?"

मी कानांत बोटं घालायची. आणि मनात म्हणायची, मला मुलगी झाली तर तिला एक खोली देईन. त्या खोलीला दार असेल. दाराबाहेर माणसं हळू बोलतील. शिकलंच पाहिजे हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागायचं नाही, भिंतीवरच्या तसबिरी रोज तेच सांगायच्या. पण शिकायला शांतता लागते, ही भर माझी. वारज्याचा हा फ्लॅट घ्यायला आलो तेव्हा लहान खोलीचं दार मी लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि सांचीच्या बाबांना हॉलमधून मोठ्याने बोलायला सांगितलं. आत जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. बिल्डरच्या माणसाला वाटलं मी कडी तपासतेय. माझे डोळे भरून आले होते.

मग सांचीचं दहावीचं वर्ष आलं. टीव्ही जूनमध्येच बंद झाला. लग्नं, बारशी, साखरपुडे, कुठेच जायचं नाही. भावाबहिणींची मुलं दिवाळीत राहायला यायची, त्यांना यंदा नको म्हटलं. मिक्सर सकाळीच फिरवून घ्यायचा आणि दुपारी चटणी लागलीच तर खलबत्त्याखाली टॉवेल घालून कुटायची. सांचीचे बाबा शिंक आली की गॅलरीत पळायचे. आम्ही दोघं एका सोफ्यावर शेजारी बसून एकमेकांना मोबाईलवर लिहायचो, दूध आणलं का, हो, लाइटबिल भरलं का, उद्या. जेवण तयार झालं की मी खोलीच्या दारापर्यंत जायची आणि हाक न मारता तिथूनच मेसेज टाकायची, जेवायला ये. आतून अंगठा यायचा. आता हे सगळं आठवलं की हसू येतं, पण त्या वेळी आम्ही ते जीव ओतून करत होतो. प्रेमाने करत होतो, हेही खरं.

मधूनच सांची बाहेर यायची. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहायची, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून.

"आई, आज क्लासमध्ये काय झालं माहितेय?"

"नंतर सांग हं सगळं. आधी तो धडा संपव."

ती बरं म्हणायची आणि जायची. तिने एकदाही हट्ट केला नाही. मला त्याचंही कौतुक वाटायचं, काय गुणी पोर आहे म्हणून. असं सगळं बोलणं आम्ही परीक्षेनंतरसाठी राखून ठेवलं होतं. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी ओली भेळ आणली, टीव्ही परत सुरू करून घेतला, आम्ही तिघं हॉलमध्ये गोल करून बसलो आणि कुणाला काही सुचेना.

"कसा गेला पेपर?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे बरा."

बाबांनी भेळेत कांदा जास्त झालाय म्हटलं. मी नाही म्हटलं. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी दारावरची पाटी उतरवली, तर सांचीने ती मागून घेतली. 'घरात' खोडून 'खोलीत' केलं, 'दहावी'वर काट मारून आपलं नाव लिहिलं आणि स्वतःच्या दाराला टांगली. खोलीत सांची आहे. बेल वाजवू नये. काम असल्यास फोन करावा. काम नसल्यास तोही करू नये. आम्ही दोघंही खूप हसलो. पोरगी माझ्यावर गेली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. आणि त्या दिवसापासून आम्ही ती पाटी पाळायला लागलो.

त्याच सुमाराला जिथे तिथे वाचायला मिळायचं की या वयातल्या मुलांना त्यांची स्पेस द्या. कॉलेजात एकदा पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं, मुलांशी संवाद कसा वाढवावा यावर. हॉल गच्च भरला होता. आम्ही सगळे पालक शेजारच्याशी अवाक्षर न बोलता टिपणं घेत होतो. व्याख्यात्या बाई म्हणाल्या, बोलण्यापेक्षा ऐकायला शिका. मी ऐकायला एका पायावर तयार होते. बंद दाराबाहेर उभ्या माणसाला दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?

आतून मैत्रिणीशी फोनवर चाललेलं तिचं हसणं ऐकू यायचं. दार मी तपासून घेतलं होतं तरी ते हसणं यायचंच. ती इतकी हसते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहायची. हात दारापर्यंत न्यायची, पाटी वाचायची, काम आहे का म्हणून स्वतःलाच विचारायची. काम नसायचं. मग मी परत फिरायची. ऑफिसात माझ्या खिडकीबाहेर माणसं उभी असतात, तशी मी माझ्या घरात उभी होते आणि आतून कुणी मान वर करत नव्हतं. अकरावी अशी गेली, बारावीही अशीच गेली.

आता ती वाघोलीला आहे. वाघोली पुण्यातच, पण वारजे एका टोकाला आणि वाघोली दुसऱ्या. रोजच्या जाण्यायेण्यात जीव जाईल म्हणून हॉस्टेल घेतलं. बाबांची बदली सोलापूरला झालीय, ते जमेल तसे शनिवार-रविवार येतात. आठवडाभर घरात मी एकटी. एकटीसाठी लहान कढईत भाजी टाकायची, एका पोळीचं पीठ उरलं तर कावळ्याला घालायचं. जी शांतता मी इतकी हौसेने विकत घेतली, ती आता पुरून उरली आहे. फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला होतं. आणि खोलीत कुणी नाही हे माहीत असून केर काढायला आत जाताना मी अजून दाराशी थबकते.

वृषालीने पाटी मागितली तेव्हा ती तिला परस्पर द्यावी असं माझ्या मनात आलं नाही. ती सांचीची होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सांचीला मेसेज टाकला, फोन करू का, काम आहे. आमच्याकडे फोनला काम लागतं. तिचाच फोन आला.

"काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"सगळं ठीक आहे गं. ती पाटी वृषाली मागतेय, ईशानसाठी. देऊ का?"

"कुठली पाटी?"

"तुझ्या दारावरची."

ती हसली. "ती अजून आहे? आई, सिरीयसली?"

"तू लावलेली, मी न विचारता कशी काढू?"

पलीकडे मुलींचा गलका ऐकू येत होता. तो कमी होत गेला, बहुतेक ती चालत बाजूला गेली असावी.

"अगं, ती मी तुला चिडवायला लावली होती. मला वाटलं, दोन दिवसांत तू वैतागशील. म्हणशील, कसली बेल आणि कसलं काय, चल ऊठ, भाजी निवड माझ्याबरोबर. तू तर लिटरली पाळायलाच लागलीस."

"मला वाटलं, तुला एकटं राहायचंय."

"वाटायचं ना कधीकधी. पण रोज नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला आतून कळायचं, आई. तू दाराशी यायचीस. बांगड्या वाजायच्या आणि मग थांबायच्या. मी वाट बघायचे. मग मोबाईल वाजायचा. जेवायला ये."

माझ्यासमोर डबा उघडा होता. मी त्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"मग तूच का नाही दार उघडलंस?"

"काय माहीत. तूही ठोठावलं नाहीस ना." आणि नेहमीसारखं, "चल, लेक्चर आहे. पाटी दे कुणालाही. रविवारी येते, कपडे खूप साठलेत."

त्या दुपारी खिडकीत एक आजोबा आले आणि एका दाखल्यासाठी जावयाची सगळी हकिगत सांगायला लागले. मला 'थोडक्यात' म्हणायचं भानच राहिलं नाही. मागच्या रांगेतल्या एकाने साहेबांकडे माझी तक्रार केली. करू दे. इतक्या वर्षांत त्या खिडकीची अशी तक्रार पहिल्यांदाच झाली असेल.

संध्याकाळी घरी येऊन मी दारावरची पाटी काढली. वृषालीला सांगितलं, सापडत नाही. ती हिरमुसली. मी विचारलं, ईशान काय म्हणतो? "काही म्हणत नाही हो, तेच तर चांगलं आहे," ती कुजबुजली. मला तिला खूप सांगायचं होतं. पण परीक्षा तोंडावर असताना दहावीच्या आईला शहाणपण शिकवणारी बाई किती नकोशी असते, ते मीच पाटी लावून सगळ्यांना कळवलं होतं. एवढंच म्हटलं, "तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला ना, तर धड्याचं काढू नकोस." तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि ती गेली.

रविवारी सांची आली. पाठीवर सॅक आणि हातात मळक्या कपड्यांची फुगलेली पिशवी. बाबा या वेळी येऊ शकले नव्हते. मी मटकीची उसळ केली होती, ती तिने मागून घेऊन खाल्ली, मोबाईलकडे बघत. मी समोर बसले होते. आता बोलू, मग बोलू करता करता ती हात धुऊन उठली. खोलीच्या दारापाशी जरा थांबली. पाटी होती तिथलं पॉलिश बाकीच्या दारापेक्षा ताजं दिसत होतं. त्यावरून तिने बोट फिरवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तिच्या दारावरून पाटी काढली म्हणजे सगळं झालं, असं मी धरून चालले होते की काय कोण जाणे. मशीनला तिचे कपडे लावले. ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. मग मोबाईल मुद्दाम ओट्यावरच ठेवला आणि दारापाशी गेले. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्या थांबलेल्या मला स्वतःला पहिल्यांदाच ऐकू आल्या.

मी दार ठोठावलं. आतून काही नाही. वाटलं, जावं परत. झोपली असेल, थकली असेल, तिला एकटं राहायचं असेल. कारणांची मला कधीच वाण पडली नव्हती. मी पुन्हा ठोठावलं, या वेळी चांगलं जोरात, आमच्या वस्तीत ठोठावायचे तसं.

"ये ना, उघडंच आहे!"

ती पलंगावर आडवी पसरली होती. कानांवर हेडफोन, पोटावर लॅपटॉप, खुर्चीवर सॅक, जमिनीवर पुस्तकं. बसायला कुठे तसूभर जागा नव्हती. तिने एका कानावरचा हेडफोन वर केला.

"काय गं? काम आहे?"

जेवलीस का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ती माझ्यासमोरच जेवली होती.

"नाही," मी म्हटलं. "काम काहीच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दारातच उभी होते, कडीला हात लावून. बाहेर मशीन पाणी सोडत होतं. मग सांचीने हेडफोन काढून गळ्यात घेतले, लॅपटॉप मिटला आणि पाय जवळ घेतले.